हळू बोल, आई

त्या साली बर्फ नाताळच्या दुसऱ्या दिवशी पडायला लागलं ते मार्चपर्यंत हललं नाही. एस्गेर शेतावरचा एमलिन लांब काठी घेऊन दगडी कुंपणांच्या कडेकडेनं बर्फात खुपसत हिंडायचा. काठीला मऊ लागलं की खणायचं. कधी मेंढी जिवंत निघायची, बहुतेकदा नाही. जिवंत निघालेलीनं शेजारच्या मेलेलीची लोकर ओरबाडून खाल्लेली असायची. बर्फ वितळलं तेव्हा ओढ्याच्या वळणावर मेंढ्यांचा खच पडला होता. एमलिन आणि त्याची बायको डोरीन, दोघांनी मिळून खड्डे खणले. जून उजाडला, कातरणीचे दिवस आले, तोवर एस्गेरचा कळप निम्म्यावर आला होता, आणि उरलेल्यांच्या अंगावरची लोकर इतकी विरळ, की बोटं घातली तर सरळ कातडी हाताला लागावी.

एस्गेर आमच्या शेताच्या वरच्या अंगाला. मधे फक्त ओढा. एमलिनच्या वडिलांच्या हाताखालीच माझे यजमान, गेथिन, लोकर कातरायला शिकले. वडील गेले, त्यानंतर एस्गेरमध्ये उरली एमलिनची आई टेगवेनकाकी, एमलिन, डोरीन आणि त्यांची सहा वर्षांची कॅरल.

कातरणीचा दिवस आमच्याकडे ठरलेला असतो. आज ह्याच्या शेतावर, उद्या त्याच्या. सगळ्यांनी सगळ्यांकडे जायचं. एकाचा दिवस हुकला की पुढच्या सगळ्यांचा हुकतो. एस्गेरचा गुरुवार, तो एमलिनच्या आज्यापासून.

बुधवारी दुपारी मी दोन मोठी पातेली घेऊन वर गेले. टेगवेनकाकी टेबलाशी उभी राहून मनुकांच्या पावाचं पीठ मळत होती. सत्तरी ओलांडलेली, पण मनगटं अजून जाड होती.

"आलीस व्हय नेस्टा," ती म्हणाली. "बस. रिकामी बसू नगं खरं, त्या गूजबेऱ्यांची देठं काढ."

"काकी, तोंड असं का दिसतंय तुमचं?"

"कसं?"

"पिठासारखं."

"पीठ मळतीया बाई मी. तोंड काय कोळशासारखं दिसंल?"

मी हसले. पण ती एका हातानं मळत होती आणि दुसऱ्या हातानं टेबलाची कड धरून होती. कड धरलेल्या हाताची बोटं पांढरी पडली होती.

"दुखतंय का कुटं?"

"वारं धरलंय पोटात. उद्याचं एकडाव निभू दे."

"एमलिनला सांगितलंत?"

"त्येला काय सांगायचं? त्यो चार दीस झालं नुसतं आभाळाकडं बगतोय. पाऊस आला तर लोकर भिजंल, भिजली तर—"

दार उघडलं. डोरीन दुधाची किटली घेऊन आत आली. काकीनं वाक्य तिथंच सोडलं.

"दूध. तिथे. ठेव," ती इंग्रजीत म्हणाली.

"कशी आहेस डोरीन?" मीही इंग्रजीतच विचारलं.

"बरी आहे." तिनं किटली ठेवली, आमच्या दोघींकडे पाहिलं. "मी मधेच आले का?"

"छे छे, काही नाही."

आम्हाला लहानपणापासून तसं वळणच होतं. घरात इंग्रजी माणूस आलं की त्याच्यासमोर आपली भाषा, वेल्श, बोलायची नाही. पाहुण्याकडे पाठ करून बसल्यासारखं होतं ते. डोरीन पाहुणी म्हणून आली त्याला आठ वर्षं झाली होती. ती सरहद्दीपलीकडच्या, इंग्लंडातल्या बाजारगावची, पेंड-खाद्याच्या दुकानात कामाला होती, तिथं एमलिनची आणि तिची गाठ पडली. कामाला वाघीण. अडलेल्या मेंढीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून कोकरू ओढताना मी तिला पाहिलंय. पण ती स्वयंपाकघरात आली की एमलिन आणि काकी बोलता बोलता थांबायचे आणि इंग्रजीत, थोडकं, हवापाण्याचं बोलायचे.

काकीला इंग्रजी येत होती ती दुकानापुरती आणि बाजारापुरती. कॅरल तान्ही होती तेव्हा, डोरीन बाहेर कामात असताना, काकी पोरीशी दिवसभर आपल्या भाषेत बोलायची, गाणी म्हणायची. पोर शाळेत जायला लागली, आणि शाळेतल्या बाईंनी फाटकाशी एमलिनला गाठून सांगितलं, तुमची मुलगी दोन भाषांची खिचडी करते, मागे पडेल. एमलिन घरी आला आणि आईला म्हणाला, हिच्याशी इंग्रजीतच बोल. तेव्हापासून काकी नातीशी फारसं बोलायचीच नाही. तिला खायला द्यायची. पोर शाळेतून आली की पावाला लोणी लावून पुढं ठेवायची आणि खाताना तिच्याकडे बघत बसायची.

गुरुवारी सकाळी आभाळ राखाडी होतं, पण कोरडं. आम्ही दोघं सातालाच वर गेलो. एमलिननं मेंढ्या रात्रीच वाड्यात कोंडल्या होत्या, पोटं रिकामी राहावीत म्हणून. सगळं आवार त्यांच्या ओरडण्यानं भरून गेलं होतं. पूर्वी ह्या अंगणात कातरणाऱ्यांच्या बाकांच्या दोन लांब रांगा लागायच्या आणि मुलांना मेंढ्या धरून आणता आणता दम लागायचा. ह्या वर्षी हातकातरीचे चारच जण. गेथिन, एमलिन आणि केव्हन शेतावरचे दोघे म्हातारे भाऊ. चौघांनी भागणार नव्हतं, म्हणून एमलिननं पलीकडून एक यंत्रवाला बोलावला होता. तो अजून यायचा होता.

मी कोठारात पाटावर लोकर गुंडाळायला उभी राहिले. दोन्ही बाजू आत दुमडायच्या, शेपटीकडून गुंडाळत आणायचं, मानेकडची लोकर पिळून तिनंच बांधायचं. हात तासाभरात मेंढीच्या चिकट तेलानं माखतात. दार उघडं होतं, बाकांवरचं बोलणं ऐकू येत होतं.

"माज्या आज्याच्या टायमाला," गेथिन सांगत होते, "ह्या खोऱ्यात इंग्रजी येनारा मानूस एकच. पोलिस. आन् त्येला बी चिडल्याबिगर यायची न्हाई."

हशा झाला. केव्हनच्या दोघांतला थोरला भाऊ कातर न थांबवता म्हणाला, "परवा रेडिओवर सांगत हुते, मानसं मोजली म्हनं सरकारनं. आख्ख्या मुलखात चारांत एक उरलाय आपली भाषा बोलनारा."

"चारांत एक?" गेथिन म्हणाले. "आन् हितं बाकावर चारच्या चार बसलोय. म्हंजी आपल्यापायी कुटंतरी बारा जन मुकं बसवल्यात बग त्येनी."

धाकटा भाऊ हसता हसता खोकायला लागला. एमलिनसुद्धा हसला. त्या हिवाळ्यानंतर मी त्याला प्रथमच हसताना पाहत होते.

"पर बदल लई झाला," गेथिन पुढं म्हणाले. "पूर्वी आपून इंग्रजी बोलायचो ती निस्ती कुत्र्यास्नी. बस, ऊठ, डावीकडं जा. आन् आता—"

तेवढ्यात फाटकातून गाडी आत आली. यंत्रवाला उतरला. डेरेक नाव, पंचविशीचा, लाल हातांचा, चांगला मुलगा. त्यानं सगळ्यांना हात वर करून "नमस्कार" केला आणि यंत्र उतरवायला लागला. बाकांवर कुणी कुणाला खूण केली नाही, पण बोलणं इंग्रजीवर गेलं. मोटर सुरू व्हायच्या आधी डेरेक म्हणाला, "कसला विनोद चालला होता?"

गेथिननी घसा साफ केला. "मी म्हणत होतो, की पूर्वी आम्ही फक्त कुत्र्यांशी इंग्रजी बोलत असू."

"हो का? का बरं? कुत्रे इंग्लंडहून आणले होते?"

"हां. असेल तसं," गेथिन म्हणाले.

यंत्र सुरू झालं. मग कुणाचंच काही ऐकू येईना.

डेरेकचा हात झपाट्याचा होता. आमच्या माणसांची एक मेंढी होईतो त्याच्या तीन व्हायच्या. लोकर येऊन पडत होती, मी मान वर करत नव्हते. जेवणवेळ जवळ आली होती, तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून डोरीनची हाक आली. "एमलिन! एमलिन, लवकर ये!"

काय झालं होतं ते मला डोरीननं नंतर सांगितलं. काकी चुलीवरचं मांसाचं जड पातेलं उतरवायला वाकली, उचललं, आणि ठेवता ठेवता तिनं श्वास आत ओढला. पातेलं सांडलं नाही. ते नीट टेबलावर ठेवून मग ती खाली बसली, जमिनीवर. डोरीनकडे बघून काहीतरी म्हणाली, आपल्या भाषेत, दोनदा. डोरीनला कळलं नाही.

मी पोचले तेव्हा एमलिननं तिला खुर्चीत बसवलं होतं. त्याचे हात तेलकट, तो ते अंगाला लागू नयेत म्हणून लांब धरून उभा होता.

"आई, लई दुखतंय का?"

"मगाशी लई हुतं. आता..." ती थांबली. कपाळावर घाम होता. "कातरनी थांबवू नगंस. आभाळ बगितलंस का वरच्या अंगाचं?"

"आभाळाचं ऱ्हाऊ दे. दवाखान्यात जायाला पायजे."

"एमलिन!" बाहेरून डेरेक ओरडला. "ह्या वाड्यातल्या संपल्या! पुढच्या कुठल्या?"

एमलिन दाराकडे वळला, पुन्हा आईकडे वळला. "डोरीन न्हेईल तुला गाडीतनं. मी सांजच्याला येतो. चालंल न्हवं?"

"तितं मला काय बोलाय येनार?"

"डोरीन हाय की संगट."

"मी जाते काकींसंगट," मी म्हणाले.

"तू नगं," काकी म्हणाली. "मग वाढंल कोन? चुलीवर दुधातला भात हाय, लागंल. हालवत ऱ्हा."

आम्ही तिला व्हॅनमध्ये बसवलं. तिनं एप्रन काढायला लावला, चांगला कोट मागितला. डोरीननं गाडी काढली. एमलिन फाटकापर्यंत गेला, गाडी ओढ्यापलीकडे वळली तसा परत येऊन बाकावर बसला आणि त्यानं पुढची मेंढी मांडीवर घेतली.

मोठा दवाखाना सरहद्दीपलीकडच्या शहरात. रस्ताभर काकी बोलत होती. एमलिन असता तर त्याच्याशी बोलली असती तशी, न थांबता. डोरीन गाडी चालवत "हो, हो, पोचलोच आपण," म्हणत होती. आठ वर्षांत तिला शब्द कळायला लागले होते ते स्वयंपाकघरातले. दूध, पाव, दार, ये, पुरे. त्यातला एकही काकीच्या बोलण्यात येत नव्हता.

दवाखान्यात डॉक्टर तरुण होता, घाईत होता, पण उद्धट नव्हता. त्यानं काकीला खाटेवर निजवलं.

"मिसेस प्रोबर्ट, कुठं दुखतंय?"

"पोट."

"कधीपासून?"

काकीनं सांगितलं, पण वार आपल्या भाषेत सांगितला. डॉक्टरनं डोरीनकडे पाहिलं.

"आज दुपारी ह्या खाली बसल्या," डोरीन म्हणाली. "त्याआधीचं मला माहीत नाही. त्या सांगत नाहीत."

"आता दुखतंय तसंच?"

काकी शब्द शोधत होती. डोरीननं मला नंतर सांगितलं, काकीचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. मग ती इंग्रजीत म्हणाली, "गेलं."

"दुखणं गेलं?"

"गेलं. आत. एकदम गेलं." तिनं मूठ मिटून उघडली.

"छान," डॉक्टर म्हणाला. "म्हणजे आता बरं वाटतंय."

"हो... नाही. गेलं." आणि मग तिनं मान डोरीनकडे वळवली आणि आपल्या भाषेत एक लांब वाक्य बोलली, सावकाश, एकेक शब्द सुटा करून, लहान मुलाला सांगावं तसं.

डॉक्टर वाट पाहत होता. "काय म्हणाल्या?"

"मला येत नाही," डोरीन म्हणाली.

"तुम्ही एकाच घरात राहता ना?"

"हो."

त्यानं पोट दाबून पाहिलं. काकीनं आवाज केला नाही. परक्या पुरुषासमोर ओरडणारी बाई नव्हती ती. त्यानं अपचनाचं औषध लिहिलं, रात्रभर ठेवून घेऊ, सकाळी बघू, म्हणाला आणि पुढच्या खाटेकडे गेला.

डोरीननं त्याला पुन्हा गाठलं. म्हणाली, "त्यांना काहीतरी सांगायचंय. इथं कुणाला वेल्श येतं का?" त्यानं परिचारिकेला विचारलं, परिचारिकेनं दुसरीला. एक मुलगी होती, पण ती सुट्टीवर होती. एस्गेरला टेलिफोन नव्हता, आमच्याकडे होता. डोरीननं आमच्याकडे फोन लावला. तो आमच्या रिकाम्या घरात वाजत राहिला असणार. आम्ही दोघंही वर एस्गेरलाच होतो. गेथिन कातरत होते, मी भात वाढत होते.

मग ती एमलिनला आणायला गाडी घेऊन तशीच परत फिरली.

ती पोचली तेव्हा शेवटच्या मेंढ्या बाकी होत्या. पाऊस आला नव्हता. ती गाडीतून उतरून सरळ बाकाशी गेली आणि एमलिनच्या हातातून कातर काढून घेतली.

"चल. आत्ता."

"एवढी एक—"

"तुझी आई मला काहीतरी सांगतेय आणि ते मला कळत नाही. चल."

गेथिननी अर्धी कातरलेली मेंढी त्याच्या मांडीवरून ओढून घेतली. "जा रं," ते म्हणाले. एमलिन होता तसा निघाला. अंगावर कातरणीचे कपडे, गुडघ्यांवर शेण आणि रक्त, केसांत लोकर.

दवाखान्यात भेटायची वेळ संपत आली होती. टेबलाशी बसलेल्या मुख्य परिचारिकेनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "ह्या कपड्यांत आत?"

"माफ करा," एमलिन म्हणाला. "सरळ कामावरून आलो. उद्या सकाळी आलो तर चालेल का?"

"नाही चालणार," डोरीन म्हणाली. "आत्ताच जायचंय आपल्याला."

त्याला हात धुवून यायला सांगितलं. तो धुवून आला. चिकटा गेला नव्हताच.

काकीचा चेहरा काळवंडला होता. पोट फुगून ताठ झालं होतं. एमलिनला पाहताच ती बोलायला लागली. आवाज मोठा होता. दुखण्यानं मोठा होता, आणि दुपारपासून कोंडून ठेवलेलंही होतं.

"ऐतवारपासनं दुखतंय रं मला. चॅपलात बसल्यापासनं. उजव्या अंगाला, हितं खाली. कुनाला बोलले न्हाई. आन् आज पातेलं उचललं तसं आत कायतरी फुटलं. फुटलं तशी जरा उसंत पडली, आन् आता सगळं पोट पेटलंय. त्या पोराला सांगत हुते मी, फुटलं फुटलं, त्यो छान म्हनला—"

शेजारच्या खाटेवरच्या बाईनं कूस बदलली. "सिस्टर," ती म्हणाली, "कुठली भाषा बोलतायत ह्या? परदेशी आहेत का?"

पलीकडची कुणी हसली. सगळ्या खाटांवरच्या माना वळल्या होत्या. एमलिननं आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं, आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि खाली वाकून म्हणाला, "हळू बोल, आई. लोकं बगत्यात."

काकीनं तोंड मिटलं आणि ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली.

"बोल की. हळू बोल, एवढंच म्हनलो."

"सांगितलं की," ती म्हणाली. अगदी हळू.

डोरीन खाटेच्या पायाशी उभी होती. "काय म्हणाल्या?" एमलिननं सांगितलं. रविवार, उजवी बाजू, काहीतरी फुटलं. सांगून व्हायच्या आतच ती डॉक्टरला शोधायला धावली. ह्या वेळी दुसरा, वयस्क डॉक्टर आला. त्यानं एमलिनकडून पुन्हा ऐकून घेतलं, पोटाला नुसता हात लावला आणि म्हणाला, "हे दुपारी का नाही सांगितलं कुणी?"

खाट तिथूनच ढकलत नेली. दारातून जाताना एमलिननं हाक मारली, "आई!" तिनं हात जरासा उचलला.

शस्त्रक्रियेनंतर ती शुद्धीवर अशी आलीच नाही. शनिवारी गेली.

मंगळवारी आमच्या चॅपलात, गावच्या प्रार्थनाघरात, तिचा अंत्यविधी झाला. भिंतींना ओल, अर्ध्या बाकांवर धूळ. माझ्या लग्नात चॅपलाच्या माडीवरसुद्धा उभं राहायला जागा नव्हती. पाद्री चार चॅपलं सांभाळणारे, त्यांना आपली भाषा चांगली येते. ते उभे राहिले, त्यांनी समोर पाहिलं. डोरीनचे आईवडील, भाऊ, दवाखान्याजवळच्या गावचे ओळखीचे, काळा टाय लावून आलेला डेरेक. पाद्रींनी एमलिनकडे पाहून भुवया उंचावल्या. एमलिननं मान हलवली. सगळं इंग्रजीत झालं. टेगवेनकाकीला त्यातलं निम्मं कळलं नसतं. शेवटी एक भजन तेवढं आपलं म्हटलं. गेथिनचा खर्ज, केव्हनचे दोघे, मी, आणि एमलिन, ज्याचा आवाज दुसऱ्या ओळीला गेला तो परत आला नाही. बाकीचे पुस्तकात बघत उभे होते. कॅरल माझ्या हाताला धरून होती. तिनं मला हळूच विचारलं, "आज्जीला आता इंग्रजी येतं का?"

त्यानंतरच्या आठवड्यात आमची कातरणी होती. एमलिन आला, खाली मान घालून कातरत राहिला. गेथिन त्याच्याशी आपल्या भाषेत बोलायला गेले तर तो "व्हय", "न्हाई" करायचा. डोरीन माझ्यासोबत लोकर गुंडाळत होती. मधेच थांबली.

"नेस्टा, मी एक विचारू? आठ वर्षं मी त्या स्वयंपाकघरात आले की त्या दोघांचं बोलणं बंद व्हायचं. पहिली दोन वर्षं मला वाटायचं, माझ्याबद्दलच बोलतायत. मग एमलिन म्हणाला, तुला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. मी खूश झाले. चांगली माणसं आहेत, म्हटलं." तिनं लोकरीची पिळी करकचून बांधली. "मला कुणीच कसं म्हणालं नाही, बस इथं आणि ऐक?"

"तू कधी विचारलं नाहीस."

"मी ज्या खोलीत जायचे तिथं ती भाषाच नसायची. काय विचारणार होते मी?"

पुढची लोकर येऊन पडली.

जुलैत एमलिननं एकदा प्रयत्न केला. जेवताना तो कॅरलला आपल्या भाषेत म्हणाला, दूध दे गं इकडं. पोर आधी हसली. त्यानं पुन्हा म्हटलं. तिला वाटलं तो रागावलाय. "असं आज्जीसारखं बोलू नका," ती म्हणाली आणि रडायला लागली. त्यानं उठून स्वतःच दूध घेतलं. मी तिथं नव्हते. डोरीननं सांगितलं. त्यानंतर तो त्या घरात आपल्या भाषेत एकटाच बोलायचा, तेही गोठ्यात.

ऑगस्टमध्ये त्यांचं गवत कापायला आम्ही वर गेलो. दोन दिवस ऊन पडलं होतं, तिसऱ्या दिवसाचा भरवसा नव्हता. घामानं सगळ्यांच्या पाठी भिजलेल्या, माना उन्हानं भाजलेल्या. संध्याकाळी गेथिन आणि मी एस्गेरच्या स्वयंपाकघराच्या दारात आलो. काकीची खुर्ची भिंतीला लावून ठेवलेली होती. एमलिन बूट काढत बसला होता. डोरीन चुलीशी होती. आम्हाला बघून तिनं हात पुसले, सरळ उभी राहिली आणि आपल्या भाषेत म्हणाली, "या. बसा. दमला... तुमी. चा हाय."

उच्चार वेडावाकडा होता, 'दमला' वर ती अडखळली होती. मला कळलं, ती कित्येक दिवस हे घोकत असणार. एमलिनचा हात बुटाच्या नाडीवर थांबला. डोरीनचा चेहरा लाल झाला होता, ती गेथिनकडे बघत होती.

गेथिननी टोपी काढली. ते मनापासून हसले. त्यांना बरं वाटलं होतं, ते मला दिसत होतं.

"वा! फारच छान, डोरीन," ते इंग्रजीत म्हणाले. "आभारी आहे. फार उकडतंय आज, नाही?"

"हो," एमलिनही इंग्रजीतच म्हणाला. "उद्या पाऊस येईल बहुतेक."

डोरीननं किटली उचलली.

"साखर किती घालू?" तिनं इंग्रजीत विचारलं.